इंटिरियरच्या साइट्ससाठी प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

पत्र: नमस्कार दादा, ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं इंटिरियरचं ऑफिस आहे, मी आणि माझा पार्टनर मिळून चालवतो. सगळे मिळून 14 जण आहोत, 3 डिझायनर, 4 साइट सुपरवायझर, एक परचेसवाला, बाकी अकाउंट्स आणि ऑफिसची मुलं. सध्या 6 साइट्स चालू आहेत, चार फ्लॅट घोडबंदर रोडला आणि दोन ऑफिसं नवी मुंबईत, महापे आणि ऐरोलीला. सगळं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एका भल्या मोठ्या एक्सेलवर चालतं. गेल्या महिन्यात एका किचनची शटर्स, म्हणजे कपाटांची दारं, जुन्या ड्रॉइंगवर कापली गेली, नवीन ड्रॉइंग ग्रुपवर कुठेतरी वर निघून गेलं होतं. भाचा आयटीत आहे, तो म्हणतो जिरा नावाचं सॉफ्टवेअर घे. पार्टनर म्हणतो एक्सेल पुरे, उगाच खर्च नको. एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस रोज फोन करतोय की वर्षाचे पैसे आत्ताच भरा, मोठा डिस्काउंट देतो. त्यात एक क्लायंट म्हणतायत मलाही लॉगिन द्या. आमचे सुपरवायझर फोनवर फार टाइप करत नाहीत. नेमकं काय घेऊ?

उत्तर: ताई, आधी त्या डिस्काउंटवाल्याला सांगून टाका की आत्ता पैसे भरणार नाही, नंतर बोलू. डिस्काउंट कुठे जात नाही, यांचं टार्गेट संपत आलं की परत फोन येतोच, पण वर्षाचे पैसे एकदा गेले की मग ते सॉफ्टवेअर कोणाला जमो न जमो, "पैसे भरलेत ना, वापरा" म्हणत टीमच्या गळ्यात मारावं लागतं आणि त्यात माणसं एकदा बिथरली की पुढे खरंच चांगलं काही आणलं तरी हात लावत नाहीत.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी टाकलंय, सुपरवायझर फोनवर फार टाइप करत नाहीत. मी असतो तर निवड तिथूनच सुरू केली असती. कारण तुमच्या धंद्यात खरी माहिती साइटवर तयार होते. प्लाय उतरला का, सीलिंगच्या आधी वायरींचं कन्ड्युट टाकून झालं का, बाथरूममधे पाणी भरून ठेवलं होतं ते कुठून झिरपलं का, हे ऑफिसमधे बसलेल्या कोणालाच कळत नाही, ते कळतं कासारवडवलीच्या एखाद्या टॉवरमधे वर उभ्या असलेल्या माणसाला, ज्याच्या एका हातात टेप आहे, मागे कटर चालूये आणि खालून वॉचमन फोन करतोय की टेम्पो गेटवर आलाय, लिफ्टची परवानगी कुठाय. त्या माणसाला अर्ध्या मिनिटात, एका अंगठ्याने नोंद करता आली तरच तुमचं सॉफ्टवेअर खरं बोलणार. बाकी ते रंगीत चार्ट, डॅशबोर्ड, एआय, रिपोर्ट, सगळं त्या एका नोंदीवर उभं असतं, नोंदच झाली नाही तर डॅशबोर्डवर जे दिसेल ते गेल्या आठवड्यातलं असेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून क्लायंटला तारीख देऊन बसाल.

म्हणून डेमो बघायला तुम्ही आणि पार्टनर एसी केबिनमधे बसू नका, चारपैकी सगळ्यात कमी टाइप करणाऱ्या सुपरवायझरचा फोन घ्या, त्याच्याच फोनवर ॲप टाका आणि तीन गोष्टी करून बघा. फोटो काढून योग्य कामाला जोडता येतो का, किती टॅप लागतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून तीच नोंद होते का, आणि नेटवर्क आल्यावर आपोआप वर जाते का, कारण बेसमेंटमधे आणि लिफ्ट लॉबीत नेटवर्क नसतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि मराठीत किंवा हिंदीत बोलून टाइप करता येतं का आणि नंतर सर्चमधे देवनागरीत शोधलं तर सापडतं का. गूगलच्या कीबोर्डमधे मराठी व्हॉइस टायपिंग आहे, ते फोनमधे सुरू करून द्या, टाइप न करणारी माणसं बोलून मात्र छान लिहितात, हे फार लोकांच्या लक्षातच येत नाही.

या तीनपैकी एकातही ॲप अडलं तर ते कितीही नावाजलेलं असो, सोडून द्या.

पुढे. तुमच्या पत्रात मला दोन वेगवेगळी दुखणी दिसतायत आणि दोन्हीवर औषध एकच नाही. पहिलं ड्रॉइंगचं. ते सॉफ्टवेअर न घेताही याच आठवड्यात बरं होईल, प्लीज त्यासाठी थांबू नका. गूगल ड्राइव्हमधे प्रत्येक साइटचा फोल्डर करा, आणि ड्रॉइंग बदललं की नवीन फाइल टाकायची नाही, त्याच पीडीएफवर जाऊन "मॅनेज व्हर्जन्स" मधून नवीन व्हर्जन चढवायचं. असं केलं की लिंक तीच राहते आणि ती लिंक कधीही उघडली तरी सगळ्यात नवीन ड्रॉइंगच दिसतं. जुनं व्हर्जन मात्र ड्राइव्ह 30 दिवसांनी काढून टाकू शकतं, म्हणून तिथेच "कायम ठेवा" वाला पर्याय निवडून ठेवा, उद्या क्लायंट म्हणाले की आम्ही असं सांगितलंच नव्हतं तर दाखवायला लागेल. मग त्या लिंकचा क्यूआर कोड काढा, प्रिंट करा, लॅमिनेट करा आणि साइटवर मेन डोअरच्या आत चिकटवा. सुताराला, किचनवाल्याला, फॅक्टरीच्या माणसाला सगळ्यांना एकच नियम, कापायच्या आधी कोड स्कॅन करून तारीख बघायची. ग्रुपवर ड्रॉइंगची पीडीएफ टाकणं त्या दिवसापासून पूर्ण बंद, डिझायनरनेसुद्धा टाकायची नाही, टाकायची असेल तर लिंक टाकायची. यात एक पैसा खर्च नाही आणि शटर्सचा जो फटका बसला तो परत बसायची शक्यता बरीच कमी होते.

दुसरं दुखणं क्रमाचं आहे, ते तुम्ही लिहिलं नाहीये पण 6 साइट्स आणि 4 सुपरवायझर म्हटल्यावर ते असणारच. इंटिरियरमधे एक काम दुसऱ्याच्या मागे अडकलेलं असतं, बाथरूममधे प्लंबिंग झाल्याशिवाय वॉटरप्रूफिंग नाही, वॉटरप्रूफिंगवर किमान 24 तास पाणी ठेवून बघितल्याशिवाय टाइल नाही, टाइल लागल्याशिवाय शॉवरच्या काचेचं माप नाही, आणि माप दिल्यावर टफन काच यायला पुन्हा दिवस जातात, ती साइटवर कापता येत नाही. किचनमधे खालची कॅबिनेट्स बसल्याशिवाय ग्रॅनाइटचं पक्कं माप घेता येत नाही. यातलं एक घसरलं की मागचं सगळं घसरतं आणि तुम्हाला ते हॅन्डओव्हरच्या आठ दिवस आधी कळतं.

अशा कामाकडे बघायच्या दोन जुन्या पद्धती आहेत आणि आज बाजारात मिळणारं बहुतेक सॉफ्टवेअर या दोनपैकी एकावर किंवा दोन्हीवर बेतलेलं असतं, म्हणून त्या समजून घेतल्या की पन्नास जाहिराती वाचायची गरज उरत नाही. एक गॅन्ट चार्ट, हेन्री गॅन्ट नावाच्या अमेरिकन इंजिनियरमुळे 1910 च्या दशकात रूढ झाला, आडव्या पट्ट्या, कुठलं काम कधी सुरू कधी संपणार. त्या पट्ट्या एकमेकींना जोडून कुठलं काम लांबलं तर अख्खा प्रोजेक्ट लांबतो हे काढायची रीत 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत तयार झाली. दुसरी कानबान, जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी बसवलेली, त्यात तारखांपेक्षा काम आत्ता कुठल्या टप्प्यात आहे हे महत्त्वाचं, कार्ड एका कॉलममधून दुसऱ्यात सरकतं. गॅन्ट हे प्लॅन करणाऱ्या माणसाचं, म्हणजे तुमच्या डिझायनरचं आणि तुमचं. कानबान बोर्ड हा काम करणाऱ्याचा, सुपरवायझरचा. फोनच्या छोट्या स्क्रीनवर गॅन्ट चार्ट धड दिसतही नाही, कुठल्याही कंपनीचा घ्या.

आता नावं घेतो.

जिरा वाईट आहे असं अजिबात नाही, भाच्याला तसं वाटू देऊ नका, त्याने मनापासून सांगितलंय. पण ते 2002 मधे अटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने सॉफ्टवेअरमधले बग ट्रॅक करायला काढलं आणि आजही त्याचा सांगाडा सॉफ्टवेअर टीमचा आहे, बॅकलॉग (पुढच्या कामांची यादी), स्प्रिंट (ठरावीक दिवसांचा कामाचा तुकडा), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं त्याचे गुण). ऐरोली घणसोलीच्या आयटी पार्कमधे ते चालतं कारण तिथे प्रत्येकजण दिवसभर लॅपटॉपसमोर असतो आणि दोन दोन आठवड्यांच्या तुकड्यात काम बसवता येतं. तुमच्याकडे वॉटरप्रूफिंगवाला दोन दिवस आला नाही तर तो तुकडा तिथेच मोडला. शिवाय जिरा नीट लावायला, त्याचे वर्कफ्लो आणि परमिशन सांभाळायला एक माणूस लागतो, तो माणूस तुमच्याकडे नाहीये आणि भाचा दर शनिवारी येऊन ते करेल हे धरून चालू नका.

ट्रेलो हे बोर्डवालं, 2011 मधे आलं, 2017 मधे अटलासियननेच विकत घेतलं. यात शिकवायला जवळपास काही नसतं, कार्ड उघडायचं, टिक करायची, फोटो टाकायचा, पुढे सरकवायचं, बास. मोबाइल ॲप ऑफलाइन चालतं. फुकट प्लॅनमधे एका वर्कस्पेसला, म्हणजे एका ऑफिसच्या खात्याला, 10 बोर्ड, 10 माणसं आणि एका फाइलला 10 एमबीची मर्यादा आहे. तुमच्या 6 साइट्सचे 6 बोर्ड आरामात बसतात, 10 एमबीचा प्रश्न व्हिडिओला येईल पण ड्रॉइंग तुम्ही लिंकने जोडणार आहात म्हणजे तो मिटला. आणि माणसांचं म्हणाल तर 14 जणांना लॉगिन लागतच नाही, तुम्ही, पार्टनर, 3 डिझायनर, 4 सुपरवायझर आणि परचेस, झाले 10. अकाउंट्सवाल्यांचं जग टॅली आणि एक्सेलचं आहे, त्यांना इथे ओढू नका. फक्त हे लक्षात ठेवा की पाचवा सुपरवायझर ठेवलात की फुकट प्लॅन संपला, आणि तेव्हा पैसे फक्त अकराव्या माणसाचे नाही, अकराच्या अकरा जणांचे द्यावे लागतात. जिराच्या फुकट प्लॅनलाही 10 चीच मर्यादा आहे, तिथेही हेच होतं.

झोहो प्रोजेक्ट्स आपल्या चेन्नईच्या कंपनीचं, यात बोर्ड पण आहे आणि गॅन्ट पण, एक काम दुसऱ्याला जोडता येतं, पहिलं लांबलं तर पुढच्या तारखा सरकतात, बाहेरच्या क्लायंटला मर्यादित लॉगिन देता येतं, आणि बिल रुपयात जीएसटीसकट मिळतं, अकाउंट्सवाल्यांची डोकेदुखी वाचते. ट्रेलोपेक्षा जड आहे, सुपरवायझरला सुरुवातीला जास्त स्क्रीन्स दिसतील, त्याला फक्त "माझी कामं" एवढंच उघडायला शिकवायचं.

मंडे डॉट कॉम दिसायला देखणं आहे, पण पेड प्लॅनमधे सीट्स गठ्ठ्याने घ्याव्या लागतात, कमीत कमी 3, पुढे 5, 10, 15 असं, म्हणजे 11 माणसं असली तरी 15 चे पैसे. क्लिकअपमधे इतकं काही आहे की सेटिंग करण्यातच महिना जाईल. असाना चांगलं आहे, पण ते मार्केटिंग, कंटेंट अशा ऑफिसात बसून होणाऱ्या कामाला जास्त शोभतं. ज्या वाचकांच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट 365 चं बिझनेस लायसन्स आधीच आहे त्यांनी बाहेर काही घ्यायच्या आधी त्यातला प्लॅनर उघडून बघा, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरताय. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि ओरॅकलचं प्रायमाव्हेरा ही टॉवर, पूल, मेट्रो असल्या कामांची हत्यारं, तिथे नुसतं प्लॅनिंगला वेगळा इंजिनियर बसवलेला असतो. रेडमाइन किंवा ओपनप्रोजेक्टसारखं ओपन सोर्स स्वतःच्या सर्व्हरवर फुकट टाकता येतं हे खरं आहे, पण सर्व्हर, बॅकअप, अपडेट कोण बघणार, त्यामुळे तुमच्यासाठी नको.

मला स्पष्ट विचाराल तर ट्रेलोने सुरुवात करा. गॅन्ट नसताना क्रम कसा सांभाळणार असं वाटेल, तर तुमच्या कामात बहुतेक क्रम एका खोलीच्या आत असतो, खोल्याखोल्यांमधे फार कमी. म्हणून एक खोली म्हणजे एक कार्ड, "1204 मास्टर बाथरूम", आणि कार्डात चेकलिस्ट त्याच क्रमाने, तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून टेस्टचा फोटो, टाइल, ग्राउटिंग, काचेचं माप, सीपी फिटिंग म्हणजे नळ आणि शॉवर. असं बाथरूमचं, किचनचं, बेडरूमचं, फॉल्स सीलिंगचं एकेक नमुना कार्ड तुमच्या सगळ्यात अनुभवी सुपरवायझरसोबत बसून बनवा, त्याला ऑफिसात बोलवून, चहा घेऊन, घाई न करता. डिझायनरने एकटीने बनवू नये, कारण खरा क्रम आणि त्यातल्या खाचाखोचा त्यालाच माहीत असतात. तीस वर्षं या कामात काढलेल्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते पहिल्यांदा कागदावर येतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, सॉफ्टवेअर उद्या बदललं तरी ती चेकलिस्ट तुमचीच राहते.

बोर्डवर कॉलम पाचच ठेवा. पुढचं, मटेरियलची वाट, चालू, अडकलंय, झालं. रोज सकाळी तुम्ही सहाही बोर्डवरचा फक्त "अडकलंय" हा कॉलम बघायचा आणि तिथल्या प्रत्येक कार्डावर अकरा वाजायच्या आत काहीतरी हलवायचं, वेंडरला फोन, क्लायंटकडून लॅमिनेटचा शेड फायनल, सोसायटीची परवानगी, जे असेल ते. सुपरवायझरने कार्ड अडकलंयमधे टाकलं आणि दोन दिवस वरून काहीच झालं नाही तर तो तिसऱ्या दिवशी टाकणार नाही, आणि मग तुम्ही पुन्हा व्हॉट्सॲपवर.

चालवून बघायला एकच साइट घ्या आणि दोन आठवडे घ्या. सगळ्या सहा एकदम नको. अर्धवट झालेली, म्हणजे सिव्हिल संपत आलंय आणि सुतार घुसतायत अशी साइट बघा, कारण तिथे सगळे वेंडर एकाच वेळी असतात आणि ॲपची खरी परीक्षा तिथेच होते. सुपरवायझर असा निवडा जो तोंडावर बोलतो, जो "हो मॅडम, छान आहे" म्हणतो तो नको. पंधरा दिवसांनी एक टेस्ट करा, साइटवर जायच्या आधी कोणालाही फोन न करता फक्त बोर्ड बघून एका कागदावर लिहा की कुठलं काम कुठपर्यंत आलंय, आणि मग तो कागद घेऊन साइटवर जा आणि एकेक खोली ताडून बघा. बहुतेक जुळलं तर पुढच्या दोन साइट्स चढवा. नाही जुळलं तर सुपरवायझरवर चिडू नका, त्याला शांतपणे विचारा की नोंद करताना कुठे कंटाळा येतो, आणि चेकलिस्ट निम्मी करा. दुसऱ्यांदाही नाही जुळलं तर ॲप बदला. आणि ट्रेलो सगळे वापरतायत पण एका कामाच्या तारखा घसरल्या की दुसऱ्या साइटवरचे सुतार मोकळे बसतायत असं वारंवार व्हायला लागलं, तर तेव्हा झोहोकडे जा, तोपर्यंत माणसांना नोंद करायची सवय लागलेली असेल. दोन्ही एकाच वेळी चालवू नका.

तारखा टाकताना कॅलेंडर आपलं टाका. बऱ्याच सोसायट्यांत रविवारी आणि दुपारी ठोकाठोकी चालत नाही, होळीला आणि छटला सुतार, पीओपीवाले गावी जातात ते लगेच परत येत नाहीत, आणि क्लायंट्सना मात्र गणपतीच्या आधी, नाहीतर दसऱ्याला, पाडव्याला गृहप्रवेश हवा असतो. म्हणजे हॅन्डओव्हर सगळे एकाच सुमाराला आणि माणसं नेमकी कमी. हे सुट्ट्यांचं आधी टाका, कामाच्या तारखा मग.

आता जरा नाजूक गोष्ट. सुपरवायझरला हे सगळं म्हणजे आपल्यावर पाळत ठेवतायत असं वाटू शकतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही, कारण या सॉफ्टवेअर्समधे कोणी किती वाजता काय केलं ते सगळं दिसतं. पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगा की यावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही आणि तो शब्द पाळा. टाइम ट्रॅकिंग, लोकेशन वगैरे जे असेल ते सुरूच करू नका. उलट त्यांचा फायदा दाखवा, "प्लाय आला नाही म्हणून काम थांबलं" हे तारखेसकट नोंदलेलं असलं की हॅन्डओव्हर लांबल्यावर बोलणी त्यांना खावी लागत नाहीत. आणि तुम्ही दोघं मालक, बोर्डवर आहे ते पुन्हा ग्रुपवर "काय झालं रे त्या सीलिंगचं" असं विचारणं बंद करा. व्हॉट्सॲप बोलायला राहू दे, ते जाणार नाही आणि जायची गरजही नाही, पण ज्याची नंतर गरज पडणार आहे ते कार्डातच. मालकच ग्रुपवर विचारत राहिले तर माणसं उत्तरही ग्रुपवरच देणार ना.

पार्टनरचं एक्सेल काढून घेऊ नका. बीओक्यू (कामांची आणि मापांची यादी), रेट, वेंडरचे ॲडव्हान्स, क्लायंटचे हप्ते, हे एक्सेलमधेच चांगलं होतं. एक्सेलमधे जे जमत नाही ते म्हणजे साइटवरून फोनवर नोंद आणि फोटो, तेवढंच बाहेर काढायचंय. असं मांडलंत तर त्यांचा विरोध निम्मा होईल, आणि खर्चाचा त्यांचा मुद्दा रास्तच आहे, म्हणून पैशाचं सांगतो.

पैसे भरायची वेळ आली तरी पहिले काही महिने मंथली प्लॅन घ्या, महाग पडतो तरी घ्या. परदेशी कंपनीकडून घेतलंत आणि तुमचा जीएसटी नंबर दिलात तर 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हाला स्वतः भरावा लागतो, त्याचं क्रेडिट कसं मिळेल ते तुमच्या सीएला आधीच विचारा, बिल आल्यावर नको. कार्डवरून आपोआप पैसे कापायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 रुपयांच्या वरच्या प्रत्येक वेळी ओटीपी लागतो, वार्षिक प्लॅन सहज त्याच्या वर जातो, आणि ओटीपी राहिला की पेमेंट फेल आणि ऐन कामात अकाउंट बंद, म्हणून रिन्युअलची तारीख अकाउंट्सवाल्यांच्या कॅलेंडरमधे हवी. आणि विकत घ्यायच्या आधी डेटा बाहेर काढून बघा, खरंच काढून बघा, नुसतं विचारू नका. वंडरलिस्ट नावाचं खूप लोकप्रिय ॲप होतं, 2015 मधे मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि मे 2020 मधे बंद केलं, असं कुठल्याही ॲपचं होऊ शकतं. ट्रेलोच्या फुकट प्लॅनमधून डेटा जेसन फाइलमधे निघतो जी तुम्हाला सरळ एक्सेलसारखी वाचता येत नाही, एक्सेलसारखी फाइल प्रीमियम किंवा त्याच्या वरच्या पेड प्लॅनमधे मिळते. म्हणून प्रत्येक साइट संपली की कार्डांमधले फोटो ड्राइव्हच्या त्याच साइटच्या फोल्डरमधे उतरवून ठेवायचं काम एका माणसाकडे द्या, पुढे वॉरंटीची तक्रार आली की भिंतीच्या आत पाइप कुठून गेलाय त्याचा फोटो लागतोच.

राहिला क्लायंटच्या लॉगिनचा प्रश्न. माझं मत, आत्ता देऊ नका. तुमच्या बोर्डवर सुपरवायझर मोकळेपणाने लिहितोय की अमुक वेंडरने फसवलं, तमुक टाइल बदलावी लागणार, हे क्लायंटने अर्धवट वाचलं तर रात्री अकराला फोन येणार आणि सुपरवायझर दुसऱ्या दिवसापासून खरं लिहिणं बंद करणार, म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं. त्या क्लायंटना नको ते कळू नये म्हणून नाही, त्यांचं घर आहे, पैसे त्यांचे आहेत, त्यांना माहिती मिळालीच पाहिजे, पण ती तुमच्याकडून, समजावून. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच सहा फोटो आणि चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवा, काय झालं, काय अडलं आणि का, पुढच्या आठवड्यात काय, आणि त्यांनी कुठला निर्णय कधीपर्यंत द्यायचाय. शेवटची ओळ कधीच चुकवू नका, उशिराचं मोठं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. हॅन्डओव्हरच्या वेळची स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या किरकोळ दुरुस्त्यांची यादी, मात्र वेगळ्या गूगल शीटवर करून त्यांच्याशी नक्की शेअर करा, त्यांना त्यात लिहूही द्या, ती तुम्ही आणि त्यांनी मिळून एकेक ओळ बंद करायची असते.